खंडेनवमी आणि चाळीस नंबरचा आयपी

भिंतीवरच्या स्क्रीनवर चार पूर्णांक एक दिसत होतं आणि मयेकर ताईंच्या हातातल्या थर्मामीटरवर नऊ. दोन्ही आकडे एकाच फ्रिजचे. दुपारचे चार वाजून गेले होते. मी ब्लड बँकेच्या दारात उभी, गळ्यात व्हिजिटर पास, हातात पूजेचा पेढा. तो पेढा मी मग खाल्ला की कुठे ठेवला, मला आजही आठवत नाही.

मयेकर ताई तिथल्या सीनियर टेक्निशियन. पंचवीस वर्षं रक्ताच्या पिशव्या सांभाळतायत, आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “परब साहेब, ही स्क्रीन खोटं दाखवतेय.”

परब साहेब हॉस्पिटलचे आयटी इन-चार्ज. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. कारण सकाळपासून त्या हॉस्पिटलच्या नेटवर्कवर नवीन असं एकच काही घडलं होतं, आणि ते मी केलं होतं.

आता आधीचं सांगते. मी नेटवर्क इंजिनिअर. बावीस वर्षं हेच करतेय. हॉस्पिटल परळमधलं, ट्रस्टचं. नाव सांगणार नाही. त्यांनी आमच्या कंपनीकडून एनएमएस घेतलं होतं, म्हणजे नेटवर्क मॅनेजमेंट सिस्टिम. हॉस्पिटलात शेकडो कम्प्युटर, स्विच, वायफायचे डबे, एक्सरेच्या मशिनी. त्यातलं काय चालू आहे, काय बंद पडलं, हे सगळं एका जागी बसून दिसावं म्हणून हे सॉफ्टवेअर. पूर्वी यासाठी वेगळा लोखंडी डबा यायचा. आता तो व्हर्च्युअल अप्लायन्स म्हणून येतो. अख्खं मशीन, ऑपरेटिंग सिस्टिमसकट, एका फाईलमध्ये. ती फाईल हायपरवायझरवर टाकायची. हायपरवायझर म्हणजे एकाच मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक मशिनी नांदवणारं सॉफ्टवेअर. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, त्यामुळे मला हे समजवायला सोपं जातं. इमारत एक, खोल्या अनेक, बिऱ्हाडं वेगळी, जिना आणि नळ सगळ्यांचा.

नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर लागतो. त्याला आयपी म्हणतात. एकच नंबर दोघांना दिला की एकाचं टपाल दुसऱ्याकडे जातं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं.

तो दिवस खंडेनवमीचा. दिवस मीच निवडला होता. ओपीडीला गर्दी कमी, डॉक्टर निम्मे सुट्टीवर, काही अडलं तरी ओरडणारं कोणी नाही. माझे बॉस देसाई म्हणाले, “लाइट डे आहे, उरकून टाक.” मी साडेनऊला सर्व्हर रूममध्ये पोचले तर परब साहेब हातात झेंडूचे हार घेऊन उभे. रॅकवर हळदकुंकवाची बोटं उठली होती, यूपीएससमोर नारळ. आमच्या घरी हे नसतं. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण इतकी वर्षं हॉस्पिटलं आणि कारखाने फिरल्यावर खंडेनवमी मला नवीन नव्हती. कोणाच्या पूजेला मी नाक मुरडत नाही, फक्त माझ्या वायरींवर पाणी शिंपडू नका म्हणते.

“मॅडम, आज करायलाच हवं का?” परब साहेबांनी विचारलं. “आज सगळ्या डिपार्टमेंटला मशिनी पुसून पूजेला लावतात. बंद-चालू बंद-चालू चाललेलं असतं. दसरा झाला की निवांत बसू.”

“तुमची पूजा होऊ दे साहेब, माझं डिप्लॉयमेंट होऊ दे. एकमेकांच्या पायात नको यायला.”

हे मी हसत म्हटलं होतं. नंतर किती वेळा आठवलं, काय सांगू.

त्यांनी आयपीची एक्सेल शीट काढून दिली. कुठला नंबर कोणाला दिलाय त्याची यादी. त्यात चाळीस नंबरची ओळ कोरी होती. शीटवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, म्हणून पिंग केलं. पिंग म्हणजे नेटवर्कवरून त्या नंबराला हाक मारायची, आहे का कोणी घरात. दहाच्या सुमाराला मी चार हाका मारल्या. एकीलाही ओ आली नाही. शीट कोरी, हाकेला ओ नाही. मी चाळीस नंबर घेतला.

पुढचं काम सरळ होतं. फाईल चढवली. डिस्क किती, मेमरी किती, कुठल्या नेटवर्कला जोडायचं, हे विचारतं ते भरलं. काळ्या कन्सोलवर आयपी टाकला, वेळ भारतीय करून घेतली, कारण न सांगितल्यास ही यंत्रं साडेपाच तास मागे चालतात. पहिल्यांदा सुरू व्हायला तो अप्लायन्स वीसेक मिनिटं घेतो. तेवढ्यात खाली आरती झाली, घंटा वर ऐकू आली. अकराला पान उघडलं, मी लॉगिन केलं, परब साहेबांनी टाळी दिली.

आणि मग पान अडकायला लागलं. दहा मिनिटं चालायचं, एक मिनिट गप्प बसायचं. पुन्हा चालायचं. बावीस वर्षांच्या माणसाला हे बघून एकच गोष्ट सुचायला हवी. एकाच नंबरवर दोघं बसलेत. मला काय सुचलं? मी परब साहेबांना म्हटलं, “तुमचे स्विच म्हातारे झालेत, बदला आता.” ते बिचारे ओशाळले. मी पान रिफ्रेश करत बसले, अप्लायन्सला नेटवर्क धुंडाळायला सोडलं आणि एक-एक मशीन यादीत येताना बघून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चारला कोणीतरी प्रसाद घेऊन आलं. मी पेढा हातात घेतला आणि परब साहेबांचा फोन वाजला.

ब्लड बँकेत तो छोटा फ्रिज वेगळा होता. ऑपरेशनसाठी राखून ठेवलेल्या पिशव्यांचा. रक्त दोन ते सहा डिग्रीत ठेवतात. त्याच्या आत एक सेन्सर, सेन्सरची वायर भिंतीवरच्या एका पांढऱ्या बॉक्सला, आणि तो बॉक्स नेटवर्कवरून आकडा स्क्रीनला पाठवतो. आकडा वाढला की स्क्रीन बोंबलते. फ्रिजचा स्वतःचा बझरही असतो, पण दार उघडलं की दरवेळी वाजतो म्हणून कोणीतरी कधीचाच बंद करून ठेवलेला. स्क्रीन आहे ना, मग कशाला ती कटकट.

मी स्क्रीनजवळ गेले. चार पूर्णांक एक, हिरव्या रंगात, हाताएवढं मोठं. त्याच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात शेवटचा आकडा कधी आला त्याची वेळ होती. अकरा वाजून सहा मिनिटं. पाच तास तो आकडा तिथेच बसून होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो बघून पुढे जात होता.

“ताई, हा बॉक्स आज बंद केला होता का?”

“सकाळी पुसायला काढला ना. साडेनऊला प्लग काढला, आरती झाल्यावर लावला.”

मी बॉक्सकडे वळले. म्हटलं, “याचा आयपी काय आहे?”

बॉक्सच्या पाठीमागे पांढरी चिकटपट्टी होती. त्यावर पेनाने लिहिलेलं, बसवून गेलेल्या कंपनीच्या माणसाने. शेवटचा आकडा चाळीस. त्याने नंबर घेतला, चिकटपट्टीवर लिहिला आणि गेला. शीटमध्ये भरायला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी हाका मारल्या तेव्हा घरातला माणूस पूजेला बसला होता. मी घर रिकामं समजून नवीन बिऱ्हाड घुसवलं. अकराला तो परत आला, पण माझं मशीन नेटवर्कवर सतत बडबड करणारं, त्यामुळे स्क्रीन फ्रिजचं तापमान माझ्या सॉफ्टवेअरला विचारत राहिली. त्याला फ्रिज माहीतही नव्हता. सगळ्यांवर नजर ठेवायला आणलेल्या मशीनने तिथल्या एका खऱ्या पहारेकऱ्याचं तोंड बंद केलं होतं.

मी तिथूनच लॅपटॉपवरून अप्लायन्स बंद केला. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवरचा आकडा हलला. आठ पूर्णांक आठ, लाल. आणि ती बोंबलायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फ्रिज का तापला तेही लगेच कळलं. हँडलला झेंडूचा हार बांधला होता. दोनच्या आसपास कोणीतरी पिशवी काढून दार लावलं, हाराचं सूत रबरात अडकलं आणि दार बोटभर उघडं राहिलं. सव्वातीनला ताईंच्या हाताखालच्या मुलीने ते बघून हार काढला, दार लावलं आणि स्क्रीनवर चार आहे ना, म्हणून कोणाला काही बोलली नाही. ताई दर चार तासांनी थर्मामीटर हातात घेऊन वाचतात म्हणून निदान चारला तरी कळलं. बाराला त्यांनी वाचलं तेव्हा सगळं बरोबर होतं.

फ्रिजमध्ये चार पिशव्या होत्या. दोन नेहमीच्या ग्रुपच्या, त्या कधीही बदलून मिळाल्या असत्या. उरलेल्या दोन सुलभा घाडीगावकर नावाच्या बाईंच्या. वय बेचाळीस, गर्भाशयात गाठी, महिनोनमहिने अंगावरून जात होतं, ऑपरेशन परवा सकाळी. आणि त्यांचा ग्रुप बॉम्बे. आपल्याच शहराच्या नावाचा हा ग्रुप हजारोंत एखाद्याचा असतो. साध्या तपासणीत ओ वाटतो, पण ओ चढवलं तर माणूस जाऊ शकतो. त्यांना त्यांच्याच ग्रुपचं रक्त लागतं. त्यांच्या नवऱ्याने अकरा दिवस फोन करून दोन माणसं शोधली होती, एक कुडाळचा, एक नाशिकचा. दोघं आपापल्या खर्चाने येऊन रक्त देऊन गेले होते. तीन महिने ते पुन्हा देऊ शकत नव्हते. पिशव्या हाताशी असल्याशिवाय डॉक्टर सुरी लावणार नव्हते.

ब्लड बँकेच्या प्रमुख डॉक्टर साठे धावत आल्या. त्यांनी थर्मामीटर बघितला, मयेकर ताईंची वही बघितली.

“जास्तीत जास्त नऊ. दहाच्या वर गेलं असतं तर फेकावंच लागलं असतं. दार दोन ते सव्वातीन उघडं, म्हणजे फार वेळ नाही. स्क्रीनचा रेकॉर्ड तर नाहीच, मग हातातलाच आकडा धरायचा. चालतील या पिशव्या.”

मयेकर ताईंनी डोळे मिटले. परब साहेबांनी खिशातून रुमाल काढला. मीही सुटले असंच मला वाटलं. मी वर सर्व्हर रूममध्ये गेले, बॉक्स नीट चालतोय ना बघायला त्याच्यात लॉगिन केलं, आणि तिथे मला ते दिसलं. बॉक्सचं नेटवर्क तुटलं तरी तो स्वतःच्या पोटात दर पाच मिनिटांनी आकडा लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. सगळे आकडे होते.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी दहा पूर्णांक एक. तीनला दहा पूर्णांक सात. सव्वातीनला दहा पूर्णांक आठ. मग दार लागलं आणि आकडा उतरायला लागला. ताईंनी चारला वाचलं ते उतरतानाचं नऊ. निदान चाळीस मिनिटं तो फ्रिज दहाच्या वर होता, आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं.

मी देसाई सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

“लॉग कोणी मागितलाय का?”

“नाही.”

“डॉक्टरांनी निर्णय दिलाय?”

“दिलाय. चालतील म्हणाल्या.”

“मग तू मधे का पडतेस, संघमित्रा? हार आपण घातला नाही. बॉक्स आपण बंद केला नाही. शीटमध्ये एंट्री त्यांनी केली नाही. आपण रिपोर्टमध्ये हे तिन्ही पॉइंट टाकू.”

“पिंग मी केलं, सर. ते आज करू नका म्हणाले होते, तरी केलं.”

“हे तुझ्या नावावर येईल. समजतंय ना?”

समजत होतं. देसाई वाईट माणूस नाही. माझ्या आईच्या आजारपणात रात्री-अपरात्री माझ्या साइट्स त्यांनी सांभाळल्यात. ते मला वाचवायलाच बघत होते. आणि खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मी ती फाईल बंद करून नुसती बसले. मनात हिशेब चालू होता. काही होणार नाही. डॉक्टर म्हणाल्या ना. ऑपरेशन तर होईल. त्या बाईंना अजून किती दिवस रक्तस्रावात ठेवायचं? हे सगळं खरंच होतं, म्हणून तर ते जास्त घाण वाटत होतं. मी माझी कातडी वाचवत होते आणि नाव त्या बाईंचं घेत होते.

मी लॅपटॉप उचलला आणि खाली गेले.

डॉ. साठेंनी उभ्या उभ्या वाचलं. “वेळ बरोबर आहे या बॉक्सची?”

“तपासली. बरोबर आहे.”

त्या पुन्हा वरपासून वाचायला लागल्या, जणू दुसऱ्यांदा वेगळं काही निघेल. मग फ्रिज उघडून त्यांनी चारही पिशव्या बाहेर काढल्या आणि मयेकर ताईंकडे दिल्या. ताईंनी त्यावर लाल स्टिकर लावले. हात स्थिर होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

“घाडीगावकरांना मी सांगते,” डॉक्टर म्हणाल्या.

“मी येते.”

घाडीगावकर लालबागला मसाला कांडायच्या डंकावर काम करतात. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसले होते, शर्टाला मिरचीचा वास. डॉक्टरांनी सांगितलं. मग मी सांगितलं, माझं काय चुकलं ते, पिंगबिंग न म्हणता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे फ्रिज तापलो, आणि कोणाक कळला नाय, तां तुमच्या मशीनमुळे.”

“हो.”

“आणि आता तुम्ही सांगितलंत म्हणून पिशव्या फेकल्या.”

“हो.”

“नसतं सांगितलं तर परवा ऑपरेशन झालं असतं?”

“झालं असतं.”

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. “आणि तिला काय झालं असतं?”

“कदाचित काहीच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “कदाचित खूप काही. मी सांगू शकत नाही.”

घाडीगावकर उठले आणि खिशातून फोन काढून, ज्या माणसांना अकरा दिवस फोन केले होते त्यांनाच पुन्हा फोन करायला लागले. दुसऱ्या दिवशी दसरा होता. बहुतेकांनी उचलले नाहीत.

कंपनीने मला मेमो दिला. रिपोर्ट मी लिहिला आणि हार, बॉक्स, शीट यांच्या आधी पहिल्या ओळीत माझं पिंग लिहिलं. देसाई सरांनी ती ओळ खोडली नाही. अप्लायन्सला दुसरा नंबर देऊन चालू केला. पुढचे तीन शनिवार मी आणि परब साहेब वही घेऊन मजला-मजला फिरलो, प्रत्येक डबा उलटा करून चिकटपट्ट्या वाचल्या. शीटमध्ये नसलेली यंत्रं इतकी निघाली की परब साहेब मोजायचं सोडून देऊन नुसते “अरे देवा” म्हणत होते. फ्रिजचा बझर मयेकर ताईंनी स्वतः चालू केला. आता दार उघडलं की तो वाजतो आणि कोणी कटकट करत नाही.

सुलभाताईंचं ऑपरेशन एकोणीस दिवस लांबलं. त्या दिवसांत त्या इतक्या फिकट झाल्या की मी वॉर्डसमोरून जायचं टाळायचे. शेवटी एक डोनर अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीतला निघाला, दुसरा पुण्याहून आला.

ऑपरेशनच्या सकाळी मी सर्व्हर रूममध्ये होते. दारावर टकटक झाली. घाडीगावकर.

“तिला आता आत घेणार आहेत. पिशव्या फ्रिजमधून काढायच्यात. तुम्ही एकदा बघून सांगाल काय?”

“अहो, ते माझं काम नाही. डॉक्टर साठे बघतात, मयेकर ताई बघतात.”

“बघतात ना. त्या म्हणाल्या बरोबर आहे. पण तुम्ही बघा,” ते म्हणाले. “तुम्ही वाईट असलं तरी सांगता.”

मी खाली गेले. स्क्रीनवरचा आकडा वाचायच्या आधी कोपऱ्यातली वेळ वाचली, माझ्या घड्याळाशी ताडून बघितली. मयेकर ताईंनी न विचारता थर्मामीटर पुढे केला. मग लॉग उघडून पिशव्या आल्यापासूनचा एकेक आकडा खालपर्यंत वाचला. बाहेर येऊन सांगितलं, कुठेही पाचच्या वर गेलेलं नाही. ते “बरं” म्हणाले आणि थिएटरबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

ऑपरेशन नीट झालं. एक पिशवी लागली, एक उरली. सुलभाताई आता घरी आहेत, कामाला लागल्यात.

रिकामा दिसलेला आयपी मी आता पिंगवर सोडत नाही. तो नंबर शेवटचा जिथे वापरला असेल त्या मजल्यापर्यंत जिने चढून जाते आणि डोळ्यांनी बघून येते. लिफ्ट बंद असली तरी. गुडघे दुखतात, दुखू देत.